वारा नैऋत्येचा, मग किनारा कुठला? विंडसर्फिंगसाठी लाटांची जागा शोधण्याची रीत

हवामानाच्या अंदाजात २५ नॉट (ताशी सागरी मैल) वारा दिसला की गाडीत सामान टाकून सगळ्यात जवळचा किनारा गाठायचा, आणि तिथे पोचल्यावर बघायचं तर वारा समोरून थेट तोंडावर, लाटेची अख्खी भिंत एकदम कोसळतेय आणि फेसातून पलीकडे जायला वाटच नाही. हे सर्रास घडतं. वारा भरपूर असतो, किनाऱ्याचं तोंड चुकलेलं असतं.

लाटांवरच्या विंडसर्फिंगला, म्हणजे शीड (सेल) लावलेल्या बोर्डवरून लाटांवर स्वार होण्याला, तीन दिशा जुळाव्या लागतात: वाऱ्याची, स्वेलची म्हणजे दुरून येणाऱ्या लाटांची, आणि किनाऱ्याच्या तोंडाची. पहिल्या दोन दर काही तासांनी बदलतात, तिसरी जागची हलत नाही. त्यामुळे शोधाची सुरुवात तिसरीपासून करायची. पुढचं सगळं त्यांच्यासाठी आहे ज्यांना वॉटरस्टार्ट (पाण्यात असतानाच सेलमध्ये वारा धरून बोर्डवर येणं) आणि फूटस्ट्रॅपमधलं प्लेनिंग (बोर्डवरच्या पट्ट्यांत पाय अडकवून पाण्याच्या पृष्ठावर सुसाट सरकणं) सहज जमतं. वॉटरस्टार्ट कच्चा असेल तर आधी सपाट पाण्यावर तो पक्का करा. लाटांमध्ये अपहॉल करायला, म्हणजे बोर्डवर उभं राहून दोरीने सेल वर ओढायला, सवडच मिळत नाही.

किनाऱ्याचं तोंड अंशांत मोजा

वाऱ्याला नाव तो जिथून येतो त्या दिशेचं मिळतं. नैऋत्य वारा म्हणजे नैऋत्येकडून येणारा, २२५ अंश. स्वेललाही हाच नियम. पण नकाशावरचे बाण वारा जातो तिकडे टोक करून काढलेले असतात, आणि घाईत निम्म्या चुका इथेच होतात. म्हणून बाण बघू नका, आकडा बघा. ‘पश्चिम’, ‘वायव्य’ अशा नावांवरही थांबू नका. आठ दिशांच्या हिशेबात एका नावाखाली ४५ अंश येतात, आणि तेवढ्या फरकात उत्तम जागा निकामी ठरते.

आता गूगल अर्थवर जागा उघडा, पट्टीचं साधन घ्या आणि लाटा फुटतात त्या भागाच्या मागे किनाऱ्यालगत साधारण ५०० मीटरची रेघ ओढा. पट्टी त्या रेघेची दिशा अंशांत दाखवते. तिच्याशी काटकोनात समुद्राकडे जाणारी दिशा म्हणजे किनाऱ्याचं तोंड. उदाहरणार्थ, रेघ ४५–२२५ अशी असेल आणि समुद्र वायव्येला असेल, तर तोंड ३१५. रेघ फार लांब ओढू नका. कोयत्यासारख्या वळणाच्या उपसागरात दोन टोकांच्या तोंडांत ५०–६० अंशांचा फरक सहज निघतो, आणि एकाच वाऱ्यात एक टोक उत्तम तर दुसरं बेकार असू शकतं. असे उपसागर म्हणूनच मौल्यवान: तिथे जागा बदलायला गाडी लागत नाही, चालत जाता येतं.

वाऱ्याचा अंश आणि तोंडाचा अंश यांतला फरक काढा. फरक १८० च्या वर गेला तर ३६० मधून वजा करा. मग हिशेब साधारण असा:

० ते ४५ – ऑनशोअर. वारा समुद्रातून तोंडावर. बाहेर जाणं कष्टाचं, लाटा विस्कटलेल्या.
४५ ते ७५ – साइड-ऑन. वारा तिरका, समुद्राकडून. उड्यांना छान, लाटेवर स्वार व्हायला जमेल तसं. शिकायला सगळ्यात योग्य, कारण काही बिघडलं तर वारा किनाऱ्याला आणून सोडतो.
७५ ते १०० – साइड-शोअर. वारा किनाऱ्याला आडवा. जाणं-येणं दोन्ही सोपं.
१०० ते १२५ – साइड-ऑफ. वारा तिरका, जमिनीकडून. लाटेचं तोंड गुळगुळीत आणि उभं राहतं. अनुभवी लोक शोधतात ती हीच स्थिती.
१२५ च्या पुढे – वारा जमिनीकडून समुद्राकडे लोटतो. मास्ट (सेलची उभी काठी) मोडली तर तुम्ही किनाऱ्यापासून लांब लांब जाणार. १३५ च्या पुढे तयार बचावबोट नसेल तर उतरूच नका.

सीमारेषा काटेकोर धरू नका, ५ अंश इकडेतिकडे चालतात. हाच हिशेब उलटाही करता येतो आणि खरा उपयोग तिथेच आहे. वारा २२५ असेल तर त्यात ९० मिळवा आणि ९० वजा करा: ३१५ आणि १३५. म्हणजे वायव्येला किंवा आग्नेयेला तोंड असलेले किनारे शोधायचे. डेन्मार्कमधलं क्लिटमोलर नैऋत्येच्या वाऱ्यात चालतं ते याच गणिताने.

वारा कुठल्या हाताने येतो तेही टिपा. समुद्राकडे तोंड करून उभं राहा. वारा डाव्या हाताकडून येत असेल तर बाहेर जाताना तुम्ही पोर्ट टॅकवर (वारा डाव्या बाजूने घेत) असता आणि लाटेवर परतताना स्टारबोर्डवर (उजव्या बाजूने). उजवीकडून येत असेल तर उलट. कॅनरी बेटांवरचं पोझो इझक्विएर्दो डाव्या हाताचं, तर हवाईतल्या माउई बेटावरचं होओकिपा उजव्या हाताचं. बहुतेकांची एक बाजू कच्ची असते. नवी, अवघड जागा पहिल्यांदा निवडताना आपल्या पक्क्या बाजूची निवडलेली बरी.

स्वेल आत येतो का, आणि लाट कुठल्या बाजूने उलगडते

दोन-चार किनाऱ्यांची यादी झाली की प्रत्येकावर स्वेल पोचतो का ते पाहायचं. वादळाच्या वेळी वारा आणि लाटा बहुधा एकाच बाजूने येतात, आणि आपल्याला तर वारा आडवा पण लाटा समोरून हव्या असतात. हे दोन्ही एकत्र मिळायला किनाऱ्याला कोपरा लागतो. भूशिर, बेटाचं टोक, लांब धक्का, उपसागराचं वळतं टोक, काहीही चालेल. वारा सरळ निघून जातो, लाट मात्र उथळ पाण्यात मंदावते आणि उथळाकडे वळते. भूशिराला वळसा घालून ती अशा पट्ट्यात येते जिथे वारा आडवा झालेला असतो. नकाशावर समुद्रात घुसलेलं टोक दिसलं की आधी त्याची आडोशाकडची बाजू तपासा.

लाट किती वळेल ते तिच्या आवर्तकाळावर, म्हणजे लागोपाठच्या दोन लाटांमधल्या सेकंदांवर, ठरतं. खोल पाण्यातली लाटेची लांबी मीटरमध्ये हवी असेल तर आवर्तकाळाच्या वर्गाला १.५६ ने गुणा. ८ सेकंदांची लाट सुमारे १०० मीटर लांब, १२ सेकंदांची २२५, १६ सेकंदांची ४००. पाण्याची खोली या लांबीच्या निम्म्यावर आली की लाटेला तळ जाणवू लागतो आणि ती वळायला लागते. ८ सेकंदांच्या लाटेला तळ ५० मीटर खोलीवर लागतो, १६ सेकंदांच्या लाटेला २०० मीटरवर. त्यामुळे लांब आवर्तकाळाचा स्वेल भूशिराला पार वळसा घालून आत येतो, तर वाऱ्याने जागच्या जागी उठवलेल्या ६–७ सेकंदांच्या लाटा टोकावरून सरळ पुढे निघून जातात. अंदाजात ‘३ मीटर, ७ सेकंद’ आणि ‘१.५ मीटर, १४ सेकंद’ दिसलं तर आडोशाच्या जागेसाठी दुसरा आकडा जास्त कामाचा. उघड्या किनाऱ्यावर उड्या मारायच्या असतील तर पहिला.

अंदाजातली लाटेची उंची ही सर्वात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. दोन-तीन तासांच्या सत्रात तिच्या जवळपास दुप्पट उंचीची एखादी लाट येणारच, हे धरूनच मर्यादा ठरवा.

समुद्रात लाटा मोजणारा तरंगता बोया असेल तर वेळेचा हिशेबही मांडता येतो. स्वेलचा समूह तासाला साधारण आवर्तकाळाच्या दीडपट सागरी मैल कापतो. १२ सेकंदांचा स्वेल १८ नॉटने येतो. ९० मैलांवरच्या बोयावर तो आत्ता दिसला तर तुमच्या किनाऱ्यावर ५ तासांनी.

पुढची गोष्ट भले भले गाळतात. वाऱ्याचे कोन दोन असतात: एक किनाऱ्याशी, दुसरा लाटेशी. किनाऱ्याशी असलेल्या कोनावर बाहेर जाणं, परत येणं आणि सुरक्षितता अवलंबून. लाटेशी असलेल्या कोनावर लाटेचं तोंड कसं असेल ते. होओकिपाचं तोंड ढोबळमानाने उत्तरेला. व्यापारी वारे पूर्व ते ईशान्य बाजूने, म्हणजे किनाऱ्याला साधारण आडवे किंवा किंचित ऑनशोअर. पण हिवाळी स्वेल वायव्येकडून आला की वारा आणि स्वेल यांच्यातला कोन ९० च्या वर जातो, आणि लाटेच्या दृष्टीने तोच वारा साइड-ऑफ होतो. नुसतं किनाऱ्याचं तोंड बघून हे कळलं नसतं.

लाट कुठल्या बाजूने उलगडते तेही पाहायचं. लाटेवर सेलसह सुसाट जाता येतं ते वाऱ्याच्या प्रवाहाच्या दिशेने. म्हणून वारा डाव्या हाताकडून असेल तर किनाऱ्यावरून पाहताना लाट डावीकडून उजवीकडे फुटत सरकायला हवी. सर्फर तिला ‘लेफ्ट’ म्हणतात, कारण ते लाटेवरून किनाऱ्याकडे बघत असतात. वारा उजवीकडून असेल तर ‘राइट’ हवी. पेरूमधलं पाकासमायो डाव्या हाताचा वारा आणि लेफ्ट, मेक्सिकोतलं पुंता सान कार्लोस उजव्या हाताचा वारा आणि राइट. सर्फिंगच्या नकाशात जागेपुढे लेफ्ट-राइट लिहिलेलं असतंच, त्यामुळे निम्मी चाळणी घरबसल्या होते. जोडी उलटी असेल तर लाटेवर वाऱ्याच्या विरुद्ध चढत राहावं लागतं. लाट कितीही सुंदर असली तरी सर्फरना आवडते आणि आपला दिवस मात्र वाया जातो.

एक दिवस मांडून पाहू

वारा २२५ वरून २०–२५ नॉट, स्वेल २७० वरून २ मीटर, १० सेकंद. हाताशी तीन किनारे: तोंडं २३०, ३१५ आणि ३६०.

पहिल्यावर फरक ५. वारा तोंडावर, लाटा मोठ्या पण विस्कटलेल्या. बाद.

दुसऱ्यावर फरक ९०, वारा डाव्या हाताकडून. स्वेल लंबरेषेच्या, म्हणजे किनाऱ्याच्या तोंडाच्या दिशेच्या, ४५ अंश डावीकडून येतोय. उथळात शिरताना तो वळून किनाऱ्याला बराच समांतर होईल, उंची थोडी घटेल, तरी डावीकडून उजवीकडे सरकत फुटेल. वारा आणि स्वेल लंबरेषेच्या एकाच बाजूला, त्यामुळे लाट वाऱ्याबरोबर उलगडते. हीच जागा.

तिसऱ्यावर फरक १३५. वारा जमिनीकडचा, आणि स्वेल ९० अंशांनी बाजूने, म्हणजे केवळ वळसा घालून आत येणार. १० सेकंदांच्या लाटेचा फार थोडा भाग इथवर पोचेल. आज नको. पण हाच स्वेल १५ सेकंदांचा असता आणि वारा २५० पर्यंत फिरला असता, तर फरक ११० वर आला असता आणि तिसरी जागा दिवसाची राणी ठरली असती. म्हणून ‘बाद’ जागा यादीतून खोडू नका, तिच्यासमोर तिचा वारा आणि तिचा स्वेल लिहून ठेवा.

तळ आणि भरती

लाट तिच्या उंचीच्या साधारण १.३ पट खोलीवर फुटते. दीड मीटरची लाट दोन मीटर पाण्यात. ज्या रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या खडकावर, ओहोटीला अर्धा मीटर पाणी उरतं तिथे लाट रीफच्या काठावरच आदळते, आणि पडलात तर फिन (बोर्डखालचं पातं), बोर्ड आणि पाठ तिन्ही खडकावर. भरतीला तीच लाट रीफ ओलांडून किनाऱ्यापाशी फुटते आणि पाण्यात उतरणंच अवघड होतं. खडकाळ जागांना बहुधा मधल्या भरतीचे दोन-तीन तास मानवतात. उधाणाच्या दिवसांत हा काळ आखडतो, भांगाच्या दिवसांत लांबतो.

वाळूचा तळ माफ करतो, पण टिकत नाही. मोठ्या वादळानंतर वाळूचे बांध सरकतात, मागच्या मोसमातली लाट यंदा त्याच जागी नसते. सरळ, उघड्या पुळणीवर लाटा न उलगडता एकदम कोसळतात. नदीमुख, धक्का किंवा मध्येच आलेला खडक असेल तिथे वाळूला आकार येतो आणि शेजारी खोल वाटही तयार होते. उपग्रहचित्रांत वेगवेगळ्या तारखा उघडून फेसाचे पट्टे पाहा. दर वेळी एकाच ठिकाणी पांढरं दिसत असेल तर खाली खडक किंवा पक्का बांध आहे. दोन पट्ट्यांमधला कायम गडद भाग ही बाहेर जायची वाट. तिथूनच पाणी समुद्राकडे परततं, म्हणून बाहेर जाताना फायदा आणि पोहून परतताना घात.

वारा खरंच तिथवर पोचतो का

अंदाजातला वारा उघड्या समुद्रावरचा असतो. साइड-ऑफ जागेत तो आधी जमिनीवरून येतो, आणि वाटेतल्या टेकडी-झाडीची सावली तिच्या उंचीच्या १० ते २० पट लांब पडते. १५ मीटर उंच झाडांची रांग म्हणजे १५० ते ३०० मीटर भोकं पडलेला वारा. बाहेर २५ नॉट आणि किनाऱ्यापाशी ८, असं चित्र या जागांत नेहमीचं. फेसात वॉटरस्टार्टला वारा न मिळणं हे तिथलं सगळ्यात मोठं संकट आहे. पूर्ण आडव्या वाऱ्यातही वाऱ्याच्या बाजूला असलेलं भूशिर उंच असेल तर हेच होतं. सखल, वाळूचं किंवा सपाट खडकाचं भूशिर सर्वात उत्तम: लाट वळवतं, वारा अडवत नाही. जिथली झुडपं एका बाजूला वाकून वाढली आहेत तिथे वारा नियमित पोचतो, हा पुरावा कुठल्याही ॲपपेक्षा जुना आणि भरवशाचा.

उलट काही ठिकाणी वारा अंदाजापेक्षा वाढतो. दोन डोंगरांमधली खिंड, बेटाचा खांदा, उंच भूशिराचं टोक. पोझोला व्यापारी वारा बेटाच्या कडेने दाबला जाऊन जोर धरतो. जीएफएससारख्या जागतिक हवामान मॉडेलच्या जाळीत असे बारकावे मावत नाहीत. स्थानिक, बारीक जाळीचं मॉडेल मिळालं तर तेच धरा. दोन मॉडेलांमध्ये दिशेचा फरक ३० अंशांपेक्षा जास्त असेल, तर दोन्ही शक्यतांना चालेल असा उपसागर निवडा.

दिशा दिवसभरातही फिरते. खारे वारे दुपारी समोरून सुरू होतात आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे हळूहळू वळतात. समुद्राकडे तोंड करून पाहिलं तर उत्तर गोलार्धात उजव्या हाताकडे, दक्षिण गोलार्धात डाव्या. म्हणून दुपारी एकला वैताग आणणारी ऑनशोअर जागा चार-पाच वाजता साइड-शोअर होऊ शकते. थंड आघाडी (पुढे सरकणाऱ्या थंड हवेची कड) जाताना मात्र बदल अचानक होतो: उत्तर गोलार्धात नैऋत्येवरून पश्चिम-वायव्येकडे, दक्षिण गोलार्धात वायव्येवरून नैऋत्येकडे. अशा दिवशी दोन जागा हव्यात, आघाडीच्या आधीची आणि नंतरची, आणि दोन्हींमधला प्रवास आघाडीच्या पावसातच उरकायचा. आघाडीनंतरचा वारा झटक्यांचा असतो, सेल एक माप लहान ठेवा.

पोचल्यावर २० मिनिटं

सामान जोडण्याआधी उंच जागी उभं राहून २० मिनिटं नुसतं बघा. लांब आवर्तकाळाच्या स्वेलमध्ये मोठ्या लाटांचे गट बऱ्याच मिनिटांच्या अंतराने येतात. पाच मिनिटं बघून उतरणाऱ्याला शांत काळ दिसतो आणि मोठा गट पाण्यात भेटतो. गटात किती लाटा आहेत, दोन गटांत किती वेळ जातो, गट आला तरी कुठली वाट मोकळी राहते, एवढं टिपा. पाण्यावर गडद चट्टे म्हणजे झटके, तेलकट सपाट भाग म्हणजे सावली.

मग एक काठी पाण्यात टाका. मिनिटात ती ३० मीटर वाहिली तर प्रवाह एक नॉट आहे. प्रवाह वाऱ्याविरुद्ध असेल तर चांगलं, तो तुम्हाला वाऱ्याकडे वर टिकवून ठेवतो, फक्त लाटा उभ्या आणि तुटक होतात. वारा आणि प्रवाह एकाच दिशेला असतील तर प्रत्येक फेरीत तुम्ही खाली घसरत जाल. भरतीची दिशा पालटेपर्यंत थांबणं हाच उपाय.

शेवटी वारा जातो त्या बाजूला चालत जा, निदान ५०० मीटर. मास्ट मोडल्यावर तुम्ही जिथे लागाल तो भाग हा. तिथे वाळू असेल तर ठीक. धक्का, कडा किंवा शिंपल्यांनी भरलेला खडक असेल तर जागा कितीही चांगली दिसली तरी तुमची नाही. केप व्हर्दे बेटांमधली पोंता प्रेता जगातल्या नामांकित लाटांपैकी आहे, पण वारा जमिनीकडचा आणि लाट खडकांना खेटून फुटणारी. तिथे चुकीला जागा नाही, आणि म्हणून ती पहिली शिकण्याची जागाही नाही.

सेल निवडताना ७५ किलोच्या माणसासाठी ढोबळ मापं: १७–२० नॉटला ५.३ चौरस मीटर, २०–२५ ला ४.७, २५–३० ला ४.२, त्यावर ३.७. ऑनशोअर दिवशी फेसातून रेटा मिळवायला यातलं मोठं माप घ्या. साइड-ऑफला लाटेवरचा वेगच वारा वाढवतो, त्यामुळे सेल लहान चालतो, मात्र किनाऱ्याजवळच्या कमी वाऱ्याच्या पट्ट्यासाठी बोर्ड आकारमानाने ५–१० लिटर मोठा घ्या.

सत्र संपल्यावर वहीत सहा गोष्टी लिहा: वाऱ्याचा अंश आणि वेग, स्वेलचा अंश, उंची, आवर्तकाळ, भरतीची वेळ. शेजारी अंदाजात काय होतं तेही. ‘या जागी पश्चिमेचा वारा असेल तर प्रत्यक्षात ५ नॉट जास्त आणि २० अंश डावीकडून’ असं एक वाक्य निघालं की पुढच्या वेळी हा २० अंशांचा फरक धरूनच वजाबाकी करायची.